मनीचें पल्लीव्रत

दिवेलागण झाली, मुलांची रामरक्षा आटोपली आणि ओसरीवरचा दिवा लागला, कीं आमची मनी खांबापाशीं येऊन बसते. पुढचे पाय जुळवून, शेपूट अंगाभोवतीं गुंडाळून, मान वर करून ती जी भिंतीकडे दृष्टि लावते, ती तास-दीड तास काढीत नाहीं. दुधाची वाटी वाजवा, नांवानें हांक मारा, नातवानें शेपटीला हात लावला तरी केवळ एका कानाचें टोंक मागें वळतें. दृष्टि जागची हालत नाहीं. त्या दृष्टीच्या दुसऱ्या टोंकास, दिव्यापासून हातभर अंतरावर, एक पाल असते. पालीचें लक्ष किड्यावर, मनीचें पालीवर आणि आम्हां निवृत्त मास्तरांचें या सर्वांवर, असा क्रम गेलीं तीन वर्षें वालूर येथील आमच्या राहत्या घरीं चालू आहे. गेल्या ज्येष्ठांत मात्र या खेळानें घरास आठ दिवस स्वस्थ झोप लागूं दिली नाहीं. त्या आठ दिवसांत आमच्या कांहीं जुन्या समजुतींची जी झाडाझडती झाली, तिचा वृत्तांत या महिन्यांत वाचकांस सादर करीत आहों.

आमचें गांव परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांत आहे. चक्राकार पायऱ्यांच्या बारवेमुळें अलीकडे बाहेरचे लोकही तें पाहण्यास येतात. घर आमचें जुनें, माळवदाचें. पुढें ढाळज, मग चौक, ओसरी आणि माजघर. लाकडी तुळयांच्या सांध्यांत आणि कोनाड्यांच्या भेगांत दिवसा पाली निजतात व दिवा लागला म्हणजे एकेक करून बाहेर पडतात. वडिलांच्या वेळीं माजघराच्या भिंतींत धान्याचें बळद होतें आणि बळदामुळें घरांत उंदीर होते. उंदरांमुळें मांजर पाळणें हा त्या काळीं हौसेचा प्रश्न नव्हता. आतां बळद बुजलें, ज्वारी पत्र्याच्या कोठ्यांत गेली, उंदीर जवळजवळ नाहींसे झाले. मांजर मात्र राहिलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

प्रथम थोडें शास्त्र. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या माणसाच्या हातीं लेखणी असली म्हणजे एवढा उपद्रव वाचकांनीं सोसावा. अमरकोशांत मांजराला मार्जार, बिडाल, ओतु अशीं नांवें दिलीं आहेत. त्यांतील मार्जार हा शब्द मृज् म्हणजे स्वच्छ करणें या धातूचा. दिवसांतून दहा वेळां अंग चाटणाऱ्या प्राण्यास इतकें नेमकें नांव क्वचित् मिळतें. आखुभुक् म्हणजे उंदीर खाणारा, आणि वृषदंशक या नांवाचाही रोख तिकडेच. पालीस गृहगोधिका म्हटलें आहे, म्हणजे घरांतली लहान घोरपड. (सिंहगडावर घोरपडीच्या साह्यानें चढल्याची दंतकथा ऐकलेल्या मुलांस हें नांव फार आवडतें. पण घोरपड नखांनीं धरून राहते, पाल कशी राहते तें पुढें येईल.) उंदीर खाणारा म्हणून मांजराला दोन दोन नांवें मिळालीं, पण पल्लीभुक् असें कोणी म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. व्याकरणांतही तेंच. ज्यांचें वैर शाश्वत, त्यांचा द्वंद्व समास एकवचनीं करावा असें पाणिनीनें सांगितलें आहे. मार्जारमूषकम् आणि अहिनकुलम् हीं त्याचीं प्रसिद्ध उदाहरणें वर्गावर्गांतून आम्हीं फळ्यावर लिहिलीं. मग ‘मार्जारगृहगोधिकम्’ असा समास साधेल काय, हा प्रश्न आम्ही मनीकडे पाहत अनेक संध्याकाळीं घोळवीत बसलों. वैर म्हणावें तर पालीच्या बाजूनें वैर करण्याजोगें बळ नाहीं, आणि मनीच्या बाजूनें राग नाहीं. तिच्या मुद्रेवर जें दिसतें त्यास निष्ठा हाच शब्द शोभेल.

आमच्या पूर्वजांचा मात्र मांजराच्या या निष्ठेवर विश्वास नव्हता. ढोंगी तपस्व्यास मनूनें बैडालव्रतिक म्हटलें आहे. गंगातीरीं हात वर करून तप करणाऱ्या आणि विश्वासानें जवळ आलेल्या उंदरांना रोज एकेक करून गिळणाऱ्या मांजराची गोष्ट उद्योगपर्वांत दुर्योधन उलूकाकरवीं धर्मराजास सांगून पाठवितो. मामल्लपुरमच्या सातव्या शतकांतील मोठ्या शिल्पपटांत एका पायावर उभें असें एक मांजर कोरलें आहे आणि त्याच्या पायाशीं उंदीर आहेत. परंतु मनी कोणासही फसवीत नाहीं. तिला काय पाहिजे तें पालीस पुरतें ठाऊक आहे.

तिला तें इतकें कां पाहिजे, याचा उलगडा प्राणिशास्त्रानें बराच केला आहे. मांजराचा डोळा रंगांत आपल्याहून गरीब आहे, पण अंधुक प्रकाशांत हालचाल टिपण्यांत त्याची बरोबरी आपणांस करतां येणार नाहीं. पाल एक तर दगडासारखी स्तब्ध असते किंवा बाणासारखी सुटते. मधली चाल तिला नाहीं. थांबणें आणि अकस्मात् धांवणें हें तर उंदराचेंच लक्षण, आणि तें मांजरास खिळवून ठेवतें. शिवाय आपल्या कानास सेकंदास २०,००० कंपनांच्या पलीकडचा नाद ऐकूं येत नाहीं. मांजरास ६०,००० च्या पुढचाही येतो. पालीच्या पायांची जी चाहूल आम्हांस शून्य, ती तिला स्पष्ट असते. त्यांत आपण विजेचा दिवा लावून किड्यांस बोलावितों, किडे पालीस बोलावितात, आणि पांढऱ्या भिंतीवर मांजरासाठीं जणूं नाटकाचा पडदाच उघडतो. पाल फारच वर असली म्हणजे मनीचा खालचा जबडा थरथरतो आणि दांतांचा कटकट असा बारीक आवाज येतो. हातीं न येणाऱ्या भक्ष्याकडे पाहून पुष्कळ मांजरें असें करतात.

भिंत मात्र पालीची. तिच्या पायाला डिंक नसतो आणि जळवेसारखें शोषणही नसतें. बोटांखालच्या पट्ट्यांवर अतिसूक्ष्म केस असतात, त्यांचीं टोंकें पुन्हां फुटलेलीं असतात, आणि तीं भिंतीस इतकीं जवळ भिडतात कीं कणाकणांमधल्या आकर्षणावर पाल तोलून राहते. केलर ऑटम यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत २००२ सालीं हें प्रयोगानें सिद्ध केलें. मनीच्या नखांस असलें कांहीं साधत नाहीं. तिचें राज्य जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंत. ही सीमा दोघींनाही ठाऊक आहे. पालीचा पाय या सीमेखालीं पडतो तो एखाद्या जाड पतंगाच्या मोहानें.

असा मोह पडला, आणि मनीचा पंजा पोंचला, तर पाल आपली शेपटी देऊन मोकळी होते. शेपटी ओढल्यानें तुटते असा समज आहे, पण ती पालच तोडते. शेपटीच्या मणक्यांत आडव्या सांध्याच्या जागा मुळांतच असतात, तेथील स्नायु आवळले कीं भाग सुटतो. रक्त फारसें येत नाहीं. सुटलेली शेपटी कांहीं मिनिटें तडफडत राहते आणि हलणाऱ्या वस्तूवर झडप घालणारें मांजर मालकिणीस सोडून शेपटीच्या मागें लागतें. नातवास हें पाहून हसूं आलें तेव्हां आम्हीं त्यास सांगितलें कीं हा सौदा स्वस्त नव्हे. पालीची चरबीची शिदोरी शेपटींत असते. नवी शेपटी येते, पण तींत हाडाऐवजीं कूर्चेचा दांडा असतो, आणि त्या नव्या भागांत पुन्हां तुटण्याची सोय नसते. आमच्या ओसरीवर अशी एक शेपटी गमावलेली पाल आहे. मुलें तिला बांडी म्हणतात.

एकदां मनीच्या उडीनें बिचकून बांडी आमच्या उजव्या खांद्यावर पडली. पंचांगांतील पल्लीपतनाच्या कोष्टकाप्रमाणें पुरुषाची उजवी बाजू शुभ. पण मांजराच्या भयानें पडलेल्या पालीचें फल त्यांत वेगळें दिलेलें नाहीं. आम्हीं स्नान करावें असा घरांतून आग्रह झाला. उकाड्याचे दिवस होते, म्हणून वाद घातला नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. ज्येष्ठाच्या सुरुवातीस मनीनें एक पाल, शेपटीचा तुकडा सोडून, सबंध खाल्ली. दोन दिवसांत तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशीं ती दूधभातास तोंड लावीना आणि संध्याकाळीं दिवा लागला तरी खांबापाशीं आली नाहीं. कोठीघराच्या कोपऱ्यांत अंग आखडून पडून राहिली. कुटुंबानें निदान सांगितलें, “पालीचें विष भिनलें.” शेजारून तूप पाजण्याचा सल्ला आला, कोणी चिंचेचें पाणी सांगितलें. आम्ही स्वतःस शिकलेले समजतों. आम्हीं मनीच्या कानाला हात लावून पाहिला, तो तापला होता. कपाटांतून आमच्याच तापाची पॅरासिटामॉलची गोळी काढली, अर्धी मोडून पूड केली आणि वाटींतल्या दुधांत कालविली. वाटी तिच्या तोंडापाशीं नेणार तोंच धाकट्या सुनेनें हात धरला.

“मामंजी, ही गोळी मांजराला चालत नाहीं. यानें तें मरतें.”

सुनेनें वडील माणसाचा हात धरण्याची रीत आमच्या घरांत नाहीं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि आमचाही पडला असावा. तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. आपलें यकृत हें औषध ज्या रीतीनें निरुपद्रवी करून बाहेर टाकतें, ती शक्ति मांजराच्या शरीरांत फार थोडी आहे. औषधाचें विष होऊन रक्त प्राणवायु वाहण्यास असमर्थ होतें, आणि माणसाची एक गोळीही मांजराचा जीव घेऊं शकते. पालीनें जें केलें नव्हतें तें आम्ही करणार होतों. वाटी आम्हीं स्वतः परसांत नेऊन खड्ड्यांत ओतली व वर माती लोटली. त्या रात्रीं आम्ही जेवलों नाहीं, हें घरांत कोणाच्या लक्षांत आलें नसेल असें वाटलें होतें. पण आलें होतें.

दुसऱ्या दिवशीं भाजीच्या टोपलींत मनीस घालून, वर जुनें लुगडें बांधून, मुलगा व आम्ही परभणीस एका पशुवैद्यांकडे गेलों. गृहस्थ तरुण पण शांत. त्यांनीं तिचे डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलें. आम्हीं पालीच्या विषाची गोष्ट काढली. ते म्हणाले, “मास्तर, आपल्या घरांतल्या पालीला विष नसतें. पण तिच्या आंतड्यांत रोगजंतु असतात, साल्मोनेला म्हणून. पाल अन्नांत पडली तर तें टाकून द्यावें तें त्यासाठीं.” मग त्यांनीं एका कृमीची हकीकत सांगितली. तिचें नांव प्लॅटिनोसोमम. उष्ण व दमट देशांत मांजरास ती पाल खाल्ल्यानें होते. गोगलगाईच्या पोटांतून ती ओल्या जागच्या बारीक कवचाच्या किड्यांत जाते, किड्यांतून पालींत, आणि पालींतून मांजराच्या पित्तनलिकांत जाऊन बसते. कृमि थोड्या असल्या तर कांहीं कळत नाहीं, पुष्कळ झाल्या तर कावीळ होऊन मांजर झिजत मरतें. मनीच्या विष्ठेंत त्यांचीं अंडीं आढळलीं नाहींत, डोळ्यांत पिवळेपणा नव्हता. तिला सलाइन दिलें, सुई टोंचली.

निघतांना त्यांनीं विचारलें, “हिला खायला काय देतां?”

आम्हीं किंचित् अभिमानानेंच सांगितलें, “दूधभात. कधीं पोळी कुसकरून, वर तूप.”

“आणि?”

आणि कांहीं नाहीं. आमचें घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, त्यामुळें दुसरें कांहीं देण्याचा विचारही कोणाच्या मनाला शिवला नव्हता. त्यांनीं जें सांगितलें तें आम्ही वाचकांपुढें जसेंच्या तसें ठेवितों, कारण आपल्यांतील पुष्कळ घरीं मांजराचें ताट आमच्याच ताटासारखें असेल. मांजराचें शरीर केवळ मांसावर चालावें असें घडलें आहे. गाजरापासून किंवा पालेभाजीपासून अ जीवनसत्त्व बनविणें त्यास येत नाहीं. टॉरिन नांवाचें एक द्रव्य त्यास पुरेसें बनवितां येत नाहीं, तें मांस, मासे यांतूनच यावें लागतें. तें न मिळालेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा झिजून तीं आंधळीं होतात, हें अमेरिकेंतील संशोधकांनीं १९७५ सालीं दाखवून दिलें. हृदयाचे स्नायु दुबळे होऊन तीं दगावतात, हें १९८७ सालीं उघड झालें. गेलेली दृष्टि परत येत नाहीं. दुधांत टॉरिन अगदींच थोडें, भातांत नाहीं. शिवाय वाढलेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचतही नाहीं.

मोटारींतून परत येतांना टोपली आमच्या मांडीवर होती. आम्हांस आमच्या लहानपणींची एक पांढरी मांजरी आठवत होती. आईची ती फार लाडकी. कुत्र्यांच्या भयानें आई तिला माजघराबाहेर जाऊं देत नसे आणि स्वतःच्या हातानें दूधभात भरवीत असे. ती थोड्याच वर्षांत आंधळी झाली. उंबऱ्याला अडखळे, मग आई तिला उचलून घेई. म्हातारपण आलें असें सगळे म्हणत. आतां हिशेब केला तर तिचें वय सहा वर्षांहून अधिक नसावें.

आणि मनी? तिच्या आधींचीं मांजरें बळदांतल्या उंदरांवर जगलीं. आमचा दूधभात हा त्यांचा वरखर्च होता. बळद बुजल्यावर मनीला घरांत मांस म्हणून जें उरलें तें भिंतीवर होतें. पत्र्याच्या कोठ्या आणतांना हा विचार कोणाच्या डोक्यांत आला नव्हता. पशुवैद्यांनीं एवढेंही सांगितलें कीं केवळ भुकेनेंच मांजर शिकार करतें असें नाहीं. दबा धरणें, झडप घालणें आणि खाणें या तीन वेगळाल्या ओढी आहेत. पोट भरलें तरी पहिल्या दोन शमत नाहींत. आवडीचें खाणें पुढें असतां तें सोडून मांजर उंदीर मारण्यास उठतें, हें प्रयोगांतूनही दिसलें आहे.

घरीं खरा प्रश्न उपस्थित झाला. मांजराचें म्हणून दुकानांत जें तयार अन्न मिळतें त्यांत मासळी असते. पिशवी मुलानें आणली होती, ती दोन दिवस ढाळजेंतच पडून राहिली. आमच्या कुटुंबाचें सोवळें-ओवळें जुन्या वळणाचें आहे. त्यावर हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, कारण त्याच सोवळ्याच्या स्वयंपाकावर आमचा देह पोसला आहे. थोरल्या सुनेचें म्हणणें पडलें कीं मांजर कोणास तरी देऊन टाकावें. धाकटी बोलली नाहीं, पण रात्रीं तिचे डोळे लाल दिसले. आम्हीं स्वभावधर्मावर एक लहानसें प्रवचन केलें. त्याचा परिणाम काय झाला म्हणाल तर कांहीं नाहीं. तिसऱ्या दिवशीं सकाळीं कुटुंब देवपूजेची फुलें निवडीत होती. मनी सावकाश चालत आली आणि तिच्या पदरापाशीं बसली. फुलें निवडतां निवडतांच ती म्हणाली, “अहो, एकादशीचा उपास आपण करतों तो आपल्यासाठीं. या मुक्या जिवाला कां म्हणून घडवायचा? ढाळजेंत घाला तिला काय घालायचें तें. वाटी मात्र माझ्या मोरींत येतां कामा नये.”

तेव्हांपासून ढाळजेंत एक मातीचें परळ आहे, आणि तें धुण्याचें काम आमच्याकडे आहे.

याच संबंधांत इंग्लंडांतील एक्सेटर विद्यापीठाचें एक संशोधन २०२१ सालीं प्रसिद्ध झालें, तें सुनेनें वाचून दाखविलें. त्या देशाच्या नैर्ऋत्येकडील २१९ घरांतल्या ३५५ मांजरांवर तें केलें होतें. मांसयुक्त सकस अन्न दिल्यानें मांजरांनीं घरीं आणलेली शिकार ३६ टक्क्यांनीं कमी झाली, आणि दररोज पांच ते दहा मिनिटें त्यांच्याशीं खेळल्यानें २५ टक्क्यांनीं. गळ्यांत घुंगूर बांधण्याचा मात्र म्हणण्यासारखा उपयोग दिसला नाहीं. मांजराच्या गळ्यांत घंटा कोणी बांधावी यावर इतकीं वर्षें गोष्ट सांगत आलों, तेव्हां हें वाचून आम्हांस मौज वाटली. आमच्या घरीं खेळाचें काम नातवाकडे आहे. सुतळीच्या टोंकास कापडाची चिंधी बांधून तो ती जमिनीवरून ओढतो, थांबवितो, पुन्हां झटक्यानें ओढतो. पालीची चाल त्यानें इतकी हुबेहूब उचलली आहे कीं कधीं कधीं आमचीही मान वळते.

पाली हाकलण्याविषयीं कोणी पत्रीं विचारील, म्हणून येथेंच सांगतों. अंड्यांचीं टरफलें टांगून पाली गेल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं. डांबराच्या गोळ्या कोनाड्यांत ठेवणें तर मांजरास आणि रांगत्या मुलास दोघांसही घातक. आम्हीं ओसरीवरचा दिवा खांबावरून काढून भिंतीच्या वरच्या अंगास, तुळईजवळ बसविला, एवढेंच केलें. किडे वर गेले, किड्यांमागून पाली वर गेल्या. घरच्या पाली डांस आणि पतंग खाऊन आपलें काम बिनपगारी करीत असतात. त्यांनीं जावें असें आम्हांस वाटतही नाहीं. शिवाय आपल्या प्रांतांतल्या सगळ्या पालींची तर अजून नीट ओळखही झालेली नव्हती. साताऱ्याच्या नांवावरून एका पालीचें नामकरण वरद गिरी व आरन बावर यांनीं केलें तें २००८ सालीं.

मनी आठ दिवसांत हिंडूंफिरूं लागली. अंग भरलें, केसांवर तुळतुळी आली. भाद्रपदांत पशुवैद्यांनीं पुन्हां डोळे तपासले, ते स्वच्छ आहेत. त्यानंतर तिनें पाल मारल्याचें आमच्या पाहण्यांत एकदांच आलें. तीही तिनें खाल्ली नाहीं, आमच्या जोड्यापाशीं आणून ठेवली. बसणें मात्र तिनें सोडलेलें नाहीं. हें लिहीत असतां ती खांबापाशींच आहे, मान पूर्वीपेक्षां अधिक वर करून. बांडी दिव्याच्या डाव्या अंगास आहे. तिची नवी शेपटी जुनीपेक्षां आंखूड आणि फिकट आली आहे. आतां एक हिरवा किडा दिव्याजवळ बसला, आणि मनीचा जबडा थरथरूं लागला आहे.